काकूंचे दोन शब्द

लोकांना वाटतं, स्मरणशक्तीवर संशोधन म्हणजे मोठमोठ्या मशिनी. मी तर नागपुरात बसून म्हाताऱ्या माणसांना पाच शब्द सांगतो आणि दहा मिनिटांनी परत विचारतो. परवा खाप्याहून एक काका आले. नाव त्यांनी स्वतःच फोन करून नोंदवलं होतं. सोबत काकू.

मी सांगितलं, "बैल, छत्री, लिंबू, मंदिर, कात्री." दहा मिनिटांनी विचारलं, तर काका काकूंकडेच पाहत बसले.

"सांग वं," म्हणाले.

"बैल. छत्री," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मग जरा चिडूनच, "बाकीचे तुम्ही सांगा ना. परीक्षा तुमची हाय."

मी कागदावर काकांच्या नावापुढे शून्य लिहिलं. मग काकूंना बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं. काकांनी पाचही शब्द ओळीनं सांगितले.

"मग मघाशी काकूंकडे काहून पाहून राहिले होते?"

काकांनी आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"तिले किती आठवते, ते पाहून राहिलो होतो. तिले 'तुयी तपासणी करू' म्हटलं असतं, तर ती एसटीतच चढली नसती."