काळे कापडी बूट

शवागाराबाहेरच्या बाकावर मी बाबांचा देह ताब्यात घ्यायला थांबले होते. आतला मुलगा आपलाच का, हे पाहायला बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या जोडप्याला बोलावणार होते.

“अहो, घोट्यापर्यंतचे काळे कापडी बूट, एवढंच म्हणाला ना तो हवालदार? तसले बूट तर गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या पायात आहेत.”

“हो.”

“लग्नाआधी तुम्हीही तेच घालायचात. तळ पातळ, भिजले की वाळता वाळायचे नाहीत, वर तो वास! तरी सोडवले का तुमच्याने?”

“नाही सोडवले.”

“मग आपलाच कशावरून? आणि याच्या नाड्या घट्ट बांधलेल्या आहेत म्हणे. आपलं ध्यान कधी नाड्या बांधतं का?”

“काल तो निघताना मी ओरडलो. माझ्यासमोर बसून बांधल्या त्याने.”