ठिगळ लावलेला समुद्र

(जुलै. इंगुन नॉर्वेतल्या बर्गनला, समुद्रसंस्थेत. धाकटी बहीण तुरिद उत्तरेच्या बेटावरून फोनवर. ती तिथे पफिन पक्षी मोजते.)

तुरिद : परत सांगते, ताई. हात घालावा त्या बिळात पिल्लू मेलेलं. पोट पाठीला लागलेलं.

इंगुन : कसं शक्य आहे? यंदा वसंतात तुमच्याभोवतीचं पाणी हिरवंगार होतं. नकाशा मीच पाठवला तुला.

तुरिद : भिंतीवर लावलाय. पाण्यात हिरवाई म्हणजे बारीक जीव भरपूर, ते भरपूर म्हणजे पिल्लांना लागणारी हेरिंग माशांची पोरं भरपूर. तुझ्याच भरवशावर, पक्ष्यांना पुरून उरेल म्हणून, मासेमारीच्या परवानगीवर सही केली मी. सोमवारी होड्या येतायत.

इंगुन : मग रोग असेल.

तुरिद : रोग कसला? आईबाप चोचीतून सुईमासे आणतायत. नुसती हाडं. पिल्लांच्या घशात अडकतात. हेरिंग नाहीच गं समुद्रात.

इंगुन : पण उपग्रहाच्या नकाशात हिरवं स्पष्ट आहे.

तुरिद : एक सांग. उपग्रहाला ढगातून दिसतं?

इंगुन : छे. पाण्याचा रंग बघायचा तर आभाळ उघडं लागतं.

तुरिद : एप्रिलभर आभाळ उघडलं नाही इथं. कपडे वाळत नाहीत म्हणून आई इथून रोज फोनवर तुझं डोकं खायची, विसरलीस?

इंगुन : नाही विसरले.

तुरिद : मग हिरवं पाहिलं कोणी?

इंगुन : कोणीच नाही.

तुरिद : काय?

इंगुन : ढगांमुळे नकाशाला भोकं पडतात. तिथं संगणक मागच्या वर्षांची सरासरी भरतो. भरलेली जागा राखाडी दिसायची.

तुरिद : राखाडी मी कधीच पाहिली नाही.

इंगुन : गेल्या वर्षी ती खूण मीच काढून टाकली. कसर लागलेल्या स्वेटरसारखा दिसायचा नकाशा, बैठकीत सगळे हसायचे.

तुरिद : म्हणजे होऊन गेलेला समुद्र दाखवलास तू मला.

इंगुन : थांब, मूळ चित्र उघडते... अगं, तुमचं बेटच नाही यात. अख्खा एप्रिल काळा.

तुरिद : परवानगीच्या कागदावर माझं नाव आहे, ताई.

इंगुन : नकाशावर माझं आहे. मत्स्यखात्यात सांगते आत्ताच.

तुरिद : जुलैत कोण भेटणार? सगळे सुट्टीवर, डोंगरातल्या झोपड्यांत, फोन बंद करून.

इंगुन : खात्याच्या साहेबाची झोपडी माहितीय मला. गाडी काढते. चूक माझी, होड्या थांबवा, एवढंच म्हणेन.

तुरिद : तुझ्या नोकरीवर येईल.

इंगुन : येऊ दे. जिवंत आहे का एखादं पिल्लू?

तुरिद : दोन-तीन बिळांत आवाज आहे. होड्यांनी उरलीसुरली हेरिंग उपसली तर तोही जाईल.

इंगुन : आभाळ कसंय तिकडे?

तुरिद : आज स्वच्छ. ढगाचा मागमूस नाही.

इंगुन : मग आज उपग्रहाला दिसेल.

तुरिद : काय दिसेल?

इंगुन : तू बघतेयस तोच समुद्र.