कणसरीचा पत्ता

नाशिकच्या स्टँडवर सुरगाण्याची एसटी अजून लागली नव्हती. बाकावर माझ्या शेजारी झुंबरबाई आणि त्यांचा भाचा दत्तू. झुंबरबाईंच्या फौजेतल्या मुलाच्या चौकशीचा कागद दत्तूच्या मोबाइलवर आला होता.

"पुन्हा वाच. माझ्या हिरामणनं काय केलं?"

"मावशी, तीन दिवस भाताचं ताट परत केलं. पलटणीत जेवण नाकारलं की गुन्हा धरतात. अठ्ठावीस दिवस कोठडी."

"पण का नाकारलं, ते सांगितलं ना त्यानं?"

"सांगितलं. घरी अजून कणसरी पुजली नाय, म्हणून नवा तांदूळ चालत नाय म्हणला."

"बरोबर बोलला. पूजेआधी नवा दाणा तोंडात घालत नाय आपण."

"साहेबाला वाटलं, कुणीतरी फूस लावली. विचारलंय, ही कणसरी कोण, राहते कुठं."

"शेतात. दुसरी कुठं राहील?"

"तेच सांगितलं त्यानं. खाली लिहिलंय, सदर महिलेचा पूर्ण पत्ता दिला नाही."

"देवीला कसला पत्ता?"

"पण मावशी, मी मनमाडला सरकारी धान्याच्या गोदामात पोती उचलतो. फौजेला जातो तो तांदूळ वर्षादोन वर्षांचा असतो. नवा नसतोच."

"नसतो?"

"नाय."

"मग खाल्ला असता तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"त्यानं फोन केला होता रे. आई, इथला भात खाऊ का, म्हणला. मीच नको म्हणले."

"तुला काय ठावं, मावशी."

"साहेबाला पत्ता पायजे ना? माझा लिही."