मिलीमीटरला मिलीमीटर

नेहरू प्लेसला लिफ्टच्या रांगेत मराठी कानावर पडली आणि अबोलीने हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला. पुढचे दोघे बिनधास्त बोलत होते. दिल्लीत आपली भाषा कुणाला कळतेय, असाच त्यांचा समज असावा.

"सिम्युलेटरसाठी स्वतः बनवलेलं कॉकपिटचं पॅनल विकायला काढलंस? गौरव, वेड लागलंय का?"

"तू राघवचं बघितलंस?"

"ते प्लायवुडचं? यार, तुझ्यापुढे ते काहीच नाही."

"माझं ॲल्युमिनियमचं. मापं मॅन्युअलमधली, मिलीमीटरला मिलीमीटर. अक्षरंसुद्धा कोरून घेतली. आमच्या इंदिरापुरमच्या सोसायटीतले रिटायर्ड विंग कमांडर बघायला आले. हेच लढाऊ विमान पंधरा वर्षं उडवलंय त्यांनी. म्हणाले, ‘वाह!’"

"मग झालं की!"

"मग राघवकडे गेले. तिथे काहीच म्हणाले नाहीत."

"बघ!"

"पाऊण तास खुर्चीतून उठलेच नाहीत, प्रसन्न. डोळे मिटून एकेक बटण दाबत बसले."

"असं काय आहे त्यात?"

"त्या चोरट्यानं आधीच त्यांना कोऱ्या फळीसमोर बसवलं होतं. डोळे मिटायला लावले. सवयीनं हात जिथे जिथे गेला, तिथे पेन्सिलीने खुणा केल्या आणि बटणं तिथेच बसवली."

"मग तूही तसंच कर ना. बोलाव त्यांना."

"बोलावलं."

"मग?"

"म्हणाले, ‘अब किसलिए, बेटा? राघव के यहाँ है ना.’"