शाब्बास न म्हणणाऱ्या बाई

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, शाळेचा शिक्षकवर्ग, मुलांचे आईबाप, आणि 'थोडक्यात आटपा' असं मघाशीच कानात सांगून बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती बाई,

मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचा मुकादम. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन गठ्ठे बांधायच्या रद्दीवर झालं. बाईंच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल जाणकार बोललेच आहेत. मी आपला एकाच महिन्याबद्दल बोलतो.

या शाळेतली एक मुलगी, घरचे आणि आम्ही तिला बबी म्हणतो. तिला गोष्ट उमगायला वेळ लागतो. उमगली की मात्र ती सोडत नाही. अठरा पुरी झाली, शाळा संपली. पुढे काय? तिची आई मला म्हणाली, "काका, तुमच्याकडे जमलं नाही तर ही जन्मभर खिडकीत बसेल." बाईंनी मागे लागून माझ्याकडून एका महिन्याची बोली करून घेतली. महिन्यात काम जमलं तर कायम, नाहीतर घरी.

त्याआधी काम कसं असतं ते कळावं म्हणून आठवडाभर बाई स्वतः आमच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालून गेल्या. फार बऱ्या घातल्या असं नाही, पण ते असो.

बबी आली. पहिल्या चादरीची अशी नेटकी घडी केली की मीच बघत राहिलो. आणि मग ती तशीच उभी. चादर छातीशी, नजर माझ्याकडे. पुढची उचलेचना! आठवडाभर हेच. माझ्या हाताखालच्या बायका कुजबुजायला लागल्या, मीही वैतागलो. बाईंना बोलावून घेतलं, म्हटलं, पोरीला काम येतं, पण पुढे सरकत नाही.

बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तासभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही चूक माझी आहे. बारा वर्षं हिच्या प्रत्येक कामानंतर मी शाब्बास म्हटलं. शाब्बास ऐकलं की काम संपलं, एवढंच हिला ठाऊक."

आता आमच्याकडे दिवसाला सातशे चादरी. सातशे वेळा शाब्बास कोण म्हणणार? मला तर घरी जेवल्यावरही सुचत नाही. बायको साक्षीला बसली आहे.

बाईंनी फर्मान काढलं, कुणीही शाब्बास म्हणायचं नाही. बबीला एवढंच सांगितलं, कोपऱ्यावर कोपरा आलाय का ते तूच बघ, आला असेल तर गाडीत ठेव. आमचे इस्त्रीवाले आजोबा मऊ मनाचे, त्यांच्या तोंडून निसटायचंच. बाई म्हणाल्या, "आजोबा, तोंडाला इस्त्री फिरवू का?"

पण तो पहिला दिवस सोपा नव्हता. बबी वीस मिनिटं चादर धरून उभी. डोळे भरले. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्यानं बघवेना, म्हटलं, "बाई, एकदा म्हणा की. तुमचं काय जातं?"

त्या वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "आज मी म्हणेन. मी नसेन तेव्हा?"

मंडळी, माया करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. माया आवरून धरणारं माणूस तेव्हा पाहिलं.

शेवटी बबीनं चादरीकडे पाहिलं. उलगडली, पुन्हा घडी घातली, कोपरा बोटानं चाचपला आणि गाडीत ठेवून दुसरी उचलली. तिसरीला पुन्हा अडली, चौथीला नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी घातलेली एक घडी तिनं माझ्याकडे परत सरकवली. "वाकडी आहे," म्हणाली. सगळ्यांसमोर! मी ती नीट केली आणि मगच तिच्या कायमच्या कागदावर सही केली. याला आता चार वर्षं झाली.

आज ती इथे का नाही, असं बाई मघापासून विचारतायत. सकाळी आमच्या लॉन्ड्रीतल्या एका बाईचं मूल तापानं फणफणलं, टेबलावर माणूस कमी पडलं. कुणाला थांबवावं याचा मी विचार करतोय, तोवर बबीच म्हणाली, "मी थांबते. तुम्ही जा. बाईंना सांगा, काम होतं." बाई, तिनं कुणाला विचारलं नाही. मलासुद्धा नाही.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार मानतो. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला, आणि आता मला निघू द्या. बबीनं पाचच्या आत परत यायला बजावलंय, आणि तिला उशीर खपत नाही.