गॅलरीवाली खोली

हसू नका, पण जहाजातली खोली निवडताना आमच्या घरात भांडण लागलं. नांदेडची लेक आम्हा दोघांना समुद्रावर फिरायला पाठवून राहिली होती. मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाली, "आई, गॅलरीवाली घेऊ का? पडल्यापडल्या समुद्र दिसंल."

हिनं जन्मात समुद्र बघितला न्हाई, तरी म्हणाली, "बिनखिडकीचीच घे. तुझे अण्णा झोपेत उठून बैलांना कडबा टाकायला निघतात. बैलं विकली, सवय गेली न्हाई. तिथं दार उघडलं की पाणीच हाय."

मी म्हणलं, "माझ्या धोतराला तुझ्या पदराची गाठ मारून झोप, लग्नात मारली होती तशी. पण समुद्र बघ."

ही लाजली. लेकीला म्हणाली, "घे गं गॅलरीवाली. अन् ह्यांना सांग, तवाची गाठ अजून सुटली न्हाई."