नातीचा फोन आला की आजी पळायची

हसू नका, आधी ऐका. माझ्या लातूरच्या मोबाईलच्या दुकानात भूकंपातून वाचलेली एक आजी आली. नात इथंच क्लासला.

“बाबा, नातीचा फोन आला की मी घराबाहेर पळते.”

“घरात रेंज न्हाई का, आजी?”

“रेंज लई हाय. पण फोन पत्र्याच्या पेटीवर ठेवते, तो थरथरला की पेटी वाजते. भूकंपात भांडी अशीच वाजली होती. मी परत घरात येईस्तोवर फोन बंद.”

मी गुपचूप थरथर बंद केली, घंटी मोठी केली, फोन काउंटरवर ठेवला आणि माझ्या फोनवरून लावला. घंटी वाजली. आजी फोनकडं न्हाई, काउंटरकडं बघत होती. काउंटर हलला न्हाई. तिनं हुश्श केलं, फोन उचलला आणि माझ्यासमोरच उभी राहून ओरडली, “बोल गं पोरी, घरातच हाय मी!”